उडत्या पाखराचे छायाचित्र : लेन्स कोणती घ्यावी?

दिवाळी सरते, कापसाची पहिली वेचणी घरात येते, आणि भुसावळच्या पंचक्रोशीत पाहुणे उतरू लागतात. भुसावळ म्हणजे आगगाडीचे मोठे जंक्शन. पण हे पाहुणे गाडीने येत नाहीत. ते हिमालय ओलांडून येतात. चक्रवाक येतात, तलवार बदके येतात, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकदंब येतात. दीपनगरच्या वसाहतीतून पहाटे मोटारसायकलीवर निघालेला माणूस उजाडायच्या सुमारास हतनूरच्या जलाशयावर पोचतो. तापीवरचे हे धरण एक्केचाळीस दरवाजांचे. वरच्या अंगाला चांगदेवापाशी पूर्णा येऊन तापीला मिळते, आणि त्या फुगवट्याच्या उथळ पाण्यात ही पाखरे दाणापाणी शोधतात. भारतातील पक्ष्यांच्या महत्त्वाच्या ठिकाणांच्या यादीत हतनूरचे नाव आहे.

अलीकडे या काठावर कॅमेरे दिसू लागले आहेत. शाळेतले गुरुजी आहेत, वीजकेंद्रातले कामगार आहेत, शेतकऱ्यांची शिकलेली मुले आहेत. या सगळ्यांचा प्रश्न एकच असतो : "उडत्या पाखराचा फोटो काढायचा, तर लेन्स कोणती घ्यावी?" प्रश्न साधा वाटतो, पण त्यात घरचा पैसा गुंतलेला असतो. आज चांगल्या लेन्सची किंमत लाखाच्या आसपास, काहींची दोन लाखांच्या घरात, आणि काहींची तर दहा लाखांच्याही वर आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या एका हंगामाची ती कमाई. म्हणून बैल घेताना आपण जसे दात पाहतो, चालवून पाहतो, तसेच इथेही करावे. दात कसे पाहायचे, तेवढेच या लेखात सांगायचे आहे.

लेन्सवर दोन आकडे असतात. समजा, "७०–२००" आणि "२.८" असे लिहिले आहे. पहिल्या आकड्यावरून लेन्स किती लांबचे जवळ आणते ते कळते. हे तिचे नाभीय अंतर, मिलिमीटरमध्ये. दोन आकडे दिले असतील तर ती झूम, म्हणजे कमीजास्त करता येणारी. साध्या कॅमेऱ्यासाठी अशी झूम लेन्स प्रथम १९५९ साली बाजारात आली; तिचे नाव झूमार. दुसऱ्या आकड्यावरून लेन्सचे तोंड केवढे उघडते ते कळते. इथे एक उलटी गंमत आहे. आकडा जितका लहान, तितके तोंड मोठे.

तोंड मोठे असण्याचा उपयोग काय? नळाखाली हंडा लावला आहे असे समजा. नळाचे तोंड बारीक असेल तर हंडा भरायला वेळ लागतो. रुंद असेल तर चटकन भरतो. कॅमेऱ्यालाही चित्र उमटण्यासाठी ठरावीक प्रकाश लागतो. तोंड मोठे असले की तो थोड्या वेळात मिळतो, आणि झडप, म्हणजे शटर, फार थोडा काळ उघडले तरी भागते. म्हणूनच मोठ्या तोंडाच्या लेन्सला छायाचित्रकार "वेगवान लेन्स" म्हणतात. लेन्स स्वतः काही धावत नाही; ती झडपेला घाई करू देते.

आता ही घाई कशासाठी, ते बदकाकडून शिकू. उडते बदक सेकंदाला पंधरा मीटर सहज जाते. झडप सेकंदाचा अडीचशेवा भाग उघडी राहिली, तर तेवढ्यात ते सहा सेंटीमीटर पुढे सरकते, आणि चित्रात बदकाऐवजी पुसट रेघ येते. हजाराव्या भागात ते दीड सेंटीमीटर सरकते. दोन हजाराव्या भागात पाऊण सेंटीमीटर. पाखराबरोबर कॅमेराही वळवत नेला, तर अंगाचा पुसटपणा बराच कमी होतो. पण पंखांची टोके अंगापेक्षा जोरात हलत असतात. म्हणून उडत्या पाखरासाठी सेकंदाचा दोन हजारावा भाग हे माप धरून चालावे. घार किंवा चित्रबलाक संथ तरंगत असेल, तर हजारावा भागही पुरतो.

आपण म्हणाल, मग प्रश्न सुटला, सर्वांत मोठ्या तोंडाची लेन्स घ्यावी! थांबा. आधी थोडे गणित करू. शिक्षकांनी हे फळ्यावर करून दाखवण्यासारखे आहे.

पहिले गणित अंतराचे. चक्रवाकाचे पसरलेले पंख टोकापासून टोकापर्यंत सुमारे एक मीटर वीस सेंटीमीटर. पाखरू आपल्यापासून चाळीस मीटरवर आहे, म्हणजे कबड्डीची तीन मैदाने लांबीला लांबी लावून ठेवली तेवढे. २०० मिलिमीटरच्या लेन्समधून त्याची प्रतिमा पडेल सहा मिलिमीटरची. ४०० मधून बारा, आणि ६०० मधून अठरा मिलिमीटरची. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात चित्राची चौकट छत्तीस मिलिमीटर रुंद असते. म्हणजे २०० मध्ये पाखरू चौकटीचा सहावा हिस्सा व्यापते, ६०० मध्ये निम्मी चौकट भरते. लहान सेन्सरच्या स्वस्त कॅमेऱ्यात चौकट साडेतेवीस मिलिमीटरच्या आसपास असते. त्यामुळे तीच लेन्स तिथे दीडपट लांबची असल्यासारखी वागते. गरिबाला हा एक फायदा आहे. तो विसरू नये.

दुसरे गणित काचेचे. नाभीय अंतराला तोंडाच्या आकड्याने भागा, म्हणजे उघड्या तोंडाचा व्यास मिळतो. २०० भागिले २.८ : सुमारे एकाहत्तर मिलिमीटर. ४०० भागिले ५.६ : तेही एकाहत्तर! पण ४०० भागिले २.८ केले, तर एकशे त्रेचाळीस मिलिमीटर, म्हणजे चहाच्या बशीएवढी काच. एवढी मोठी, निर्दोष काच घासायची, तिच्यामागे आणखी दहा-वीस काचा बसवायच्या. वजन आणि किंमत वाढते ती इथेच. दुकानदार लेन्सचे कितीही गुण गाईल. आपण विकत घेतो ती काच. तेवढ्याच काचेत लांबचे हवे की उजेड हवा, हे आपण ठरवायचे. दोन्ही हवे असेल तर चौपट काच घ्यावी लागते.

तिसरे गणित उजेडाचे, आणि ते सर्वांत महत्त्वाचे. कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची तयारी आयएसओ या मापाने मोजतात. हा आकडा वाढवला की कमी उजेडातही चित्र उमटते. पण फार वाढवला की चित्रात वाळू पसरल्यासारखे दाणे दिसतात. छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा असा : लख्ख उन्हात तोंडाचा आकडा १६ ठेवावा, आणि झडपेचा वेग आयएसओच्या आकड्याइतका. १६ वरून ५.६ वर आलो, की प्रकाश आठपट होतो. म्हणजे आपल्या खानदेशी उन्हात, सकाळी नऊनंतर, ५.६ च्या साध्या लेन्सनेही दोन हजाराव्या भागाचा वेग मिळतो, आणि आयएसओ लागतो अवघा २५०. तिथे २.८ ची महाग लेन्स जवळ असून विशेष लाभ नाही.

पण पहाटेचे काय? सूर्य नुकताच वर येतो आहे, पाण्यावर धुके आहे, थवा उठतो आहे. समजा, उजेड भर उन्हाच्या सोळावा हिस्सा आहे. आता ५.६ च्या लेन्सला आयएसओ ४००० लागेल, २.८ च्या लेन्सला १०००. हा फरक डोळ्यांना दिसतो. आजचे कॅमेरे ४००० ही बऱ्यापैकी सांभाळून घेतात. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा जुना कॅमेरा असेल, तर चित्राचा चिखल होतो.

या तीन गणितांतून निवड आपोआप होते. तुम्ही मुख्यतः दिवसा, लांबून, मोकळ्या पाण्यावरची पाखरे टिपणार असाल, तर १५०–६०० किंवा २००–५०० अशा लेन्स घ्याव्यात. त्यांचा तोंडाचा आकडा लांबच्या टोकाला ५.६ ते ६.३ असतो, वजन दोन किलोंच्या आगेमागे असते, आणि पैशाच्या मानाने त्या पुष्कळ काम देतात. थोडे हलके हवे असेल तर १००–४०० ची लेन्स. ती दीड किलोच्या सुमाराची असते. पण तुमचे मन पहाट आणि सांज यांतच रमत असेल, रातथाऱ्याला परतणारे बगळे, पुलाखालून सुटणाऱ्या पाकोळ्या, जवळून जाणारा सुरय टिपायचा असेल, तर ७०–२०० आणि २.८ ही खरी वेगवान झूम. तिला दुप्पट करणारी जोडकाच, म्हणजे टेलिकन्व्हर्टर, लावता येते. मग ती ४०० पर्यंत पोचते. पण तोंड ५.६ होते, फोकस मंदावतो आणि चित्राची धारही थोडी बोथट होते. जोडकाच म्हणजे दुधात पाणी : माप वाढते, कस उतरतो. १२०–३०० आणि २.८ अशीही लेन्स आहे. उजेडही उत्तम, लांबीही ठीक. मात्र तिचे वजन साडेतीन किलोंच्या जवळ जाते, आणि किंमत ऐकूनच हात कापतात.

मोठ्या तोंडाची आणखी एक खोड सांगतो. तोंड पूर्ण उघडले की स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद होतो. ४०० मिलिमीटर, २.८, आणि पाखरू वीस मीटरवर : चाळीस सेंटीमीटरच्या पट्ट्यातलेच काय ते स्पष्ट येईल. चित्रबलाकाचे पंख दीड मीटर पसरतात. डोळा स्पष्ट आला तर पंखाचे टोक धूसर. म्हणून जाणते लोक जवळच्या पाखरासाठी महाग लेन्सचेही तोंड ४ किंवा ५.६ वर आणतात. पैसे २.८ चे दिले, वापरले ५.६, असे पुष्कळदा घडते.

माझी स्वतःची चूक सांगतो, म्हणजे तुमची टळेल. पहिली लेन्स घेताना मी फक्त लांबीचा आकडा पाहिला. ३०० लिहिले होते, किंमत कमी होती, घेतली. फोकसचे यंत्र कसे चालते, हे विचारलेच नाही. हतनूरच्या काठी एक अख्खा हिवाळा गेला. नदी सुरय समोरून येई, लेन्स कुरकुरत पुढे-मागे फिरे, आणि ती थांबेतो सुरय पलीकडच्या काठाला पोचलेला असे. बसलेल्या टिटवीचे फोटो सुरेख आले. उडत्याचा एकही नाही. तेव्हा कळले, की उडत्या पाखरासाठी लेन्सच्या पोटातली मोटर तिच्या काचेइतकीच मोलाची असते.

म्हणून दुकानात गेल्यावर पुढील गोष्टी स्वतः करून पाहा. कॅमेरा सतत फोकस ठेवण्याच्या पद्धतीवर लावा. दाराबाहेर या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सायकलींवर लेन्स रोखा. सायकल समोरून येत असता फोकस तिच्याबरोबर राहतो का? आकाशातल्या घारीवर रोखून पाहा. घार कुठल्याही गावात मिळते. लेन्सवर फोकसची हद्द ठरवणारी कळ आहे का, ते बघा. ती लावली की लेन्स जवळचे गवत शोधत बसत नाही, लांबच्या पाखराकडेच लक्ष देते. हाताचा कंप सावरणारी सोय असेल तर चांगलेच. पण ती आपला हात सावरते, पाखराचा पंख थांबवीत नाही. पंख थांबवतो तो झडपेचा वेग.

वजनाची परीक्षा घरीच होते. दोन किलो ज्वारीची पिशवी घ्या, डोळ्यांच्या उंचीवर दोन्ही हातांनी धरा, आणि पाच मिनिटे उडत्या कावळ्याच्या मागे फिरवा. हात भरून आले, तर हलकी लेन्स घ्या, किंवा एकपायी टेकू घ्या. घरी पडून राहणाऱ्या भारी लेन्सपेक्षा रोज काठावर जाणारी हलकी लेन्स बरी.

आपल्या मुलखाची म्हणून एक गोष्ट आहे. इथे काळ्या मातीची धूळ आहे, आणि औष्णिक वीजकेंद्राच्या परिसरात कोळशाच्या राखेची भर. काही झूम लेन्स लांबी वाढवताना नळीसारख्या बाहेर येतात, आणि आत जाताना हवेबरोबर धूळ ओढतात. काहींचा झूम आतल्या आत होतो. बाहेरची लांबी बदलत नाही. दोन्ही परवडत असतील, तर खानदेशात दुसरी घ्यावी. पावसाळ्यात लेन्स कातडी पिशवीत बंद ठेवू नये, काचेवर बुरशी धरते. हवाबंद डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्या टाकून ठेवावी. आणि वैशाखात, पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेला, की जमिनीवरची हवा उकळल्यासारखी थरथरते. त्या थरथरीतून लांबचे चित्र कुठल्याही लेन्सने स्पष्ट येत नाही. दोष लेन्सचा समजून ती विकू नका. सकाळी सातला जा.

झूमचा खरा उपयोगही समजून घ्या. ६०० वर लेन्स लावून आकाशात पाखरू शोधणे म्हणजे दाराच्या भोकातून गावची जत्रा पाहणे. आधी २०० वर ठेवून पाखरू चौकटीत घ्यावे, फोकस धरावा, आणि मग त्याच्याबरोबर वळत वळत लांबी वाढवावी. सूर्य पाठीशी असावा. पाखरे वाऱ्याच्या समोर तोंड करून उठतात आणि उतरतात. म्हणून वाराही पाठीशी असेल, तर ती आपल्याकडे तोंड करून येतात. एवढे साधले, तर साध्या लेन्सनेही निम्मे काम झाले.

आता सर्वांत जपून सांगायची गोष्ट. उडत्या पाखराचा फोटो हवा म्हणून काही लोक खडे मारतात, टाळ्या पिटतात, नावाड्याला पैसे देऊन होडी थेट थव्यात घालायला लावतात. असे करू नये. चक्रवाक हजारो किलोमीटर उडून येतो. परतीच्या वाटेसाठी त्याला इथे अंगात चरबी साठवायची असते. दर वेळी उगाच उठवले, की तेवढी शिदोरी खर्च होते. कापणीला आलेल्या शेतात कुणी गुरे हाकली, तर आपल्याला काय वाटेल? लांब पल्ल्याची लेन्स घ्यायची, ती लांब राहता यावे म्हणून. पाखराने मान वर करून आपल्याकडे पाहिले, की आपण फार जवळ आलो असे समजावे, आणि तिथेच बसावे. थोड्या वेळाने ते आपल्या इच्छेने उडते. तो फोटो खरा.

फोटोचा खरेपणा किती मोलाचा असतो, याचे उदाहरण आपल्या खानदेशातच आहे. रानपिंगळा नावाचे लहानसे घुबड १८७३ साली शास्त्राला कळले. १८८४ नंतर त्याचा विश्वसनीय पुरावा मिळेना. ते नामशेष झाले असे पुष्कळांना वाटले. मधल्या काळातली एक नोंद होती, तीही खोटी ठरली. कोणा संग्राहकाने जुना नमुना चोरून त्यावर नवी चिठ्ठी लावली होती. शेवटी १९९७ च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शहाद्याजवळच्या सातपुड्यात जिवंत रानपिंगळा दिसला. एकशे तेरा वर्षांनी! त्यांनी त्याचे चित्रण केले, म्हणून जगाने मानले. खोट्या चिठ्ठीने वर्षानुवर्षे दिशाभूल केली; खऱ्या चित्राने एका सकाळीत शंका फेडली. तुमच्या फोटोवरही तारीख, वेळ, ठिकाण खरे लिहा. दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते. ती १९८७ पासून चालू आहे. अशा वेळी "सुमारे शंभर बदके होती" या वाक्यापेक्षा थव्याचा एक स्पष्ट फोटो जास्त बोलतो. त्यात शाळेतल्या मुलांना एकेक पाखरू मोजता येते.

शिक्षकांना शेवटी एक विनंती. शाळेच्या निधीतून खरेदी करायची असेल, तर लेन्स आधी घेऊ नका. एका लेन्सच्या पैशात साध्या, आठपट दाखवणाऱ्या बऱ्याच दुर्बिणी येतात. लेन्समागे एकच मुलगा उभा राहतो. दुर्बिणी वर्गभर फिरतात. मुलांनी आधी चक्रवाक आणि तलवार बदक यांतला फरक डोळ्यांनी ओळखावा. मग त्यांतल्या ज्याला ओढ लागेल, त्याच्या हाती कॅमेरा द्यावा. लेन्स घ्यायची वेळ आली, तर पुण्या-मुंबईकडे ती दिवसाच्या भाड्यानेही मिळते. दोन दिवस भाड्याने आणून हतनूरच्या काठी वापरून पाहा. शंभर रुपये वाचवायला बाजार पालथा घालणारे आपण, लाखाच्या वस्तूला दोन दिवस द्यायला काय हरकत आहे?

थोडक्यात, विकत घेण्याआधी स्वतःला चार प्रश्न विचारा. मी किती लांबून पाहणार? कोणत्या वेळी पाहणार? हे वजन माझे हात पेलतील का? आणि फोकस पाखराला गाठतो का? चारांची उत्तरे मिळाली, की दुकानदाराला विचारण्यासारखे फारसे उरत नाही. मग एखाद्या थंडीच्या सकाळी तापीच्या काठी सूर्याकडे पाठ करून बसा. थवा केव्हा उठायचा ते थव्याला ठरवू द्या. आपण फक्त तयार राहायचे.